चिंचेने घासलेली वीणा

आजोबांच्या डब्यात, ढब्बू पैशांच्या गर्दीत तांब्याचं एक वेगळंच नाणं निघालं. एकीकडे राजा, दुसरीकडे मुकुट घातलेली वीणा. नौपाड्यातल्या आमच्या घरात हे कुठून आलं, देव जाणे!

वीणा कसली, ती आयरिश हार्प. वर ‘हिबर्निया’, म्हणजे आयर्लंडचं लॅटिन नाव, खाली १८०५. ब्रिटिश राजा तिसऱ्या जॉर्जची हाफपेनी, म्हणजे अर्धी पेनी, बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीतली. ईस्ट इंडिया कंपनीची १८०३ ची मद्रासची तांब्याची नाणीही तिथलीच, म्हणजे आपल्याकडच्यांची चुलत भावंडंच म्हणा.

किंमत? ती नाण्याच्या वयावर कमी, अंगावर जास्त ठरते. हार्पच्या तारा सुट्या दिसतात का, राजाचे केस झिजलेत का, जुना तपकिरी थर शाबूत आहे का.

आमचा नव्हता. आईने आदल्या रात्रीच चिंच-मीठ लावून ते समईसारखं लख्ख केलं होतं. स्टेशनजवळच्या नाणेवाल्या काकांनी भिंग लावलं, बारीक ओरखडे पाहिले आणि उसासा सोडला, “कोणी घासलं हे?”

मी गप्प. घरी आलो तर आईने उरलेला डबाही भिजत घातलेला.