तृतीयेची ओहोटी

मुंबईतल्या गोराईच्या खाडीकाठी तिवरांत, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या झाडांत, अडकलेला कचरा काढायला आम्ही वीस-पंचवीस जण जातो, त्याला आता तीन वर्षे झाली. पहिल्या खेपेला आम्ही फक्त रविवार पाहून गेलो आणि सकाळी सात वाजता हातमोजे चढवून गुडघाभर पाण्यासमोर उभे राहिलो. जवळच जाळे विणत बसलेल्या एका कोळी काकांनी हसत विचारले, "तिथी बघितली का?" त्या दिवशी अष्टमी होती. तिथीला पाऊणने गुणले की आपल्या किनाऱ्यावरच्या भरतीची साधारण वेळ मिळते, हा जुना हिशेब त्यांनी आम्हाला शिकवला. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, तृतीयेला सव्वादोनच्या. म्हणजे तृतीयेची ओहोटी सकाळी आठच्या आसपास पडते आणि अमावास्या किंवा पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असल्याने पाणीही बरेच मागे हटते. तेव्हापासून द्वितीया-तृतीयेच्या आसपासचा रविवार हाच आमच्या कामाचा दिवस.

तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर आलेली असतात, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. या मुळांवर प्लॅस्टिकची पिशवी बसली आणि तिच्यावर गाळ साचत गेला, की झाडाचा श्वासच कोंडतो. अशी पिशवी हिसका देऊन ओढली तर मुळे मोडतात, म्हणून ती कात्रीने कापून तुकड्या-तुकड्याने वर उचलावी लागते आणि एकेका पिशवीला कधीकधी दहा मिनिटे जातात. चालतानाही पुढच्याच्या पावलात पाऊल टाकून एकाच रांगेने जायचे, नाहीतर आम्हीच मुळे तुडवणार. उत्साहाने आलेल्या नव्या मंडळींना हा संथपणा जड जातो, हे मान्य.

दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, एकेकट्या चपला आणि जाळ्यांचे तुकडे तर नेहमीचेच. मला अधिक अस्वस्थ करते ते निर्माल्य. एकदा घट्ट गाठ मारलेली पिशवी कापली, तर आत झेंडूचा काळा लगदा झाला होता, मात्र हाराचा नायलॉनचा दोरा जसाच्या तसा होता. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या, म्हणजे तिवरांसारख्या झाडांच्या जंगलांच्या, तोडीवर आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातील बांधकामांवर बंदी घातली. कुऱ्हाडीपासून झाडांना कायद्याचे संरक्षण मिळाले, पण गाठ मारलेल्या पिशवीपासून त्यांना कोण वाचवणार?

किती किलो कचरा निघाला, असे लोक हटकून विचारतात. वजन करणे मी सोडून दिले आहे, कारण त्यात निम्मा तरी चिखल आणि पाणीच असते. त्याऐवजी किती झाडांची मुळे मोकळी झाली, ते आम्ही मोजतो. गेल्या खेपेला ती एकोणीस झाली.

मागच्या पावसाळ्याआधी एकदा कचरा नेण्यासाठी ठरलेली गाडी आलीच नाही. गोण्या आम्ही काठावर, म्हणजे उधाणाचे पाणी जिथवर येते त्या रेषेच्या आतच, रचून ठेवल्या होत्या. अडीच वाजता परत जाऊन पाहिले, तर सहा गोण्या तरंगत पुन्हा तिवरांत शिरल्या होत्या. त्या काढण्यात पुढचा सबंध रविवार गेला. आता गोण्या थेट रस्त्यापर्यंत वाहून नेतो आणि गाडी येईपर्यंत दोघे तिथेच थांबतात.