फ्लोअर पंप हवा भरत नाही? टाकून द्यायच्या आधी आत बघा

सायकलचा फ्लोअर पंप (जमिनीवर ठेवून उभ्याने मारायचा तो) बिघडला की बहुतेक लोक थेट नवीन शोधायला लागतात आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण बॅरल (पंपाचं उभं नळकांडं), दांडा, बूड सगळं धडधाकट असतं आणि गेलेलं असतं ते आतलं बोटाच्या पेराएवढं एक रबर. आणि नवा घेतानाही बघतात काय तर मीटरवर २०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय का, हँडल लाकडी आहे का. माझ्या मते पंप घेताना पहिला प्रश्न एकच, हा खोलता येतो का आणि याचे पार्ट सुटे मिळतात का. बाकी सगळं नंतर.

आधी बिघाडाचं बोलू, कारण बिघाड कळला की काय घ्यायचं ते आपोआप कळतं. हवेचा रस्ता अगदी सरळ आहे. हँडल खाली दाबलं की पिस्टनचं वॉशर हवा दाबतं, ती बुडातल्या चेक व्हॉल्व्हमधून पुढे जाते (हा फक्त एकाच दिशेने उघडतो), मग मीटर, मग नळी, मग तोंड, मग ट्यूबचा व्हॉल्व्ह. यातली एकच जागा बिघडलेली असते आणि कुठली ते मीटरचा काटा आणि हँडल मिळून सांगतात, फक्त त्यांच्याकडे नीट बघायला हवं.

हँडल दाबल्यावर जोरच लागत नाही, सटकन खाली जातं, काटा हलत नाही आणि वरच्या झाकणापाशी फुसफुस येते, म्हणजे पिस्टनचं वॉशर किंवा ओ-रिंग (रबराचं गोल कडं). वरचं झाकण फिरवून काढा, रॉड बाहेर ओढा, टोकाला दिसेलच. बऱ्याचदा ते फाटलेलं पण नसतं, नुसतं कोरडं पडलेलं असतं. जुनं ग्रीस पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, परत घाला, जोर लागायला लागतो. चामड्याचं वॉशर असेल तर ते सुकून आकसतं, त्याला तेल पाजायचं, मुरू द्यायचं आणि कडा बोटांनी बाहेरच्या बाजूला फाकवायच्या. वाटीसारखं वॉशर असेल तर वाटीचं तोंड खालच्या बाजूला, उलटं बसवलं तर कितीही मारा, हवा दाबलीच जाणार नाही. आणि हो, गंज सोडवायचे स्प्रे असतात ते बॅरलमध्ये मारू नका प्लीज, आहे ते ग्रीस धुऊन जातं आणि काही रबरं त्याने फुगतात.

हँडल सोडलं की आपोआप वर यायला लागतं? चेक व्हॉल्व्ह. पुढे गेलेली हवा परत बॅरलमध्ये येतेय. मोटरसायकलला असतो तो जाड श्रेडर व्हॉल्व्ह असेल तर तोंडातल्या पिनने तो उघडा धरलेला असतो, त्यामुळे अख्ख्या टायरची हवा हँडलला वर ढकलते. प्रेस्टावर (रोड बाइकला असतो तो बारीक व्हॉल्व्ह) एवढं जाणवत नाही कारण तो स्वतःच मिटतो, नळीतली हवा तेवढी मागे येते. बुडाशी जिथे नळी किंवा मीटर जोडलंय तो जॉइंट खोलला की सहसा तिथेच छोटी गोळी किंवा रबराची चकती सापडते आणि बऱ्याच वेळा तिथे फक्त मातीचा कण अडकलेला असतो. पुसायचा, परत लावायचं.

एकदोन स्ट्रोकमध्येच काटा एकदम वर उडाला आणि टायर मात्र मऊच, तर पंप ठीक आहे, रस्ता पुढे बंद आहे. प्रेस्टाचा वरचा छोटा नट सैल केलेला नसतो किंवा सैल करूनही पिन चिकटलेली असते. नट सैल केल्यावर पिन बोटाने एकदा दाबायची, फुस झालं की मग तोंड लावायचं. ही सवय लागली की निम्म्या तक्रारी संपतात.

आणि सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, काटा चढतो, मग हळूहळू उतरतो आणि व्हॉल्व्हपाशी हिस्स आवाज येत राहतो. ते तोंडातलं रबर. व्हॉल्व्हच्या धातूवर घासून घासून त्याचं भोक मोठं होतं. तोंडाची टोपी फिरवून रबर काढा, बऱ्याच पंपात ते उलटं करून बसवलं की अजून बरेच दिवस चालतं. दोन भोकांचं तोंड असेल तर दुसऱ्या भोकातूनही हवा जाते का ते बघा. आवाज नक्की कुठून येतो कळत नसेल तर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे जागा दाखवतात.

दोन गोष्टींना मात्र लोक उगाच घाबरतात. तोंड काढताना जो फस्स आवाज येतो ती मुख्यतः नळीतली हवा असते, टायरमधली नाही. आणि बॅरल खालून गरम होतं ते हवा दाबल्यामुळे होतं, चांगला पंपही गरम होतो.

स्क्रू करून बसवायच्या तोंडाचं एक वेगळंच दुखणं आहे, काढताना प्रेस्टाचा कोरच (व्हॉल्व्हचा आतला सुटा भाग) त्याच्याबरोबर फिरून बाहेर येतो आणि टायर रिकामा. यात पंप बदलायची काही गरज नाही, कोर चावीने घट्ट करून ठेवला की झालं.

आता घ्यायचं म्हणाल तर बॅरलच्या जाडीकडे, म्हणजे आतल्या व्यासाकडे, कुणी बघत नाही आणि खरी मेख तिथेच आहे. हँडलवर लागणारा जोर म्हणजे हवेचा दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. बॅरल आतून ३० मिमी असेल तर ७ बारला (साधारण १०० पीएसआय) शेवटी जवळपास ५० किलोचा जोर द्यावा लागतो, तेच बॅरल ३८ मिमी असेल तर ८० किलोच्या वर! म्हणजे हलक्या वजनाच्या माणसाने जाड पंप घेऊन रोड बाइकचा बारीक टायर भरायचा म्हटलं तर अख्खं अंग टाकूनही काटा पुढे सरकत नाही आणि मग तो म्हणतो पंप खराब. उलट एमटीबीच्या (डोंगरवाटांवरच्या सायकलीच्या) जाड टायरला दाब लागतो २ बारच्या आसपास पण हवा लागते भरपूर, तिथे जाड बॅरल एका स्ट्रोकमध्ये १.६ पट हवा देतं आणि जोर लागतो २३ किलोच. तर आपला टायर कुठला ते आधी ठरवा. घरात दोन्ही प्रकारच्या सायकली असतील तर मी बारीक बॅरलचा घेईन, जाड टायरला जास्त वेळा मारावं लागेल इतकंच.

मीटरचंही तसंच. ११ बारपर्यंतच्या डायलवर २५ पीएसआय वाचायचं म्हणजे अगदी सुरुवातीच्या रेघांमध्ये अंदाज बांधायचा आणि असे काट्याचे मीटर मधल्या भागात जास्त भरवशाचे असतात. आपला नेहमीचा दाब डायलच्या मधोमध येईल असा मीटर हवा. हुकलेस रिम (टायरची कड अडकवायला आतून आकडा नसलेली) असेल तर ५ बारची कमाल मर्यादा असते (टायरवर आणि रिमवर त्याहून कमी लिहिलं असेल तर ते धरायचं), तिथे काट्याचा भरवसा ही सुरक्षेची बाब आहे, चैन नाही. काटा वाचायचा तो दोन स्ट्रोकच्या मध्ये, स्थिर झाल्यावर. प्रेस्टाला पंप लावल्या लावल्या काटा शून्य दाखवतो, कारण व्हॉल्व्ह अजून मिटलेला असतो, पहिला स्ट्रोक मारल्यावरच टायरचा दाब कळतो. आणि जुन्या पद्धतीच्या डनलप व्हॉल्व्हला, ज्यात आत रबरी नळी असते, ते रबर उघडायलाच दाब लागतो म्हणून मीटर टायरपेक्षा जास्त दाखवतो, तिथे अंगठ्याने दाबून बघणं बरं.

बूड धातूचं आणि दोन्ही पाय नीट बसतील एवढं रुंद, नळी मीटरभर तरी, यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

सुट्या पार्टचं मात्र घ्यायच्या आधी शोधा, नंतर नाही. सिल्का, एसकेएस, टोपीक, लेझाइन यांचे पंपांचे सुटे पार्ट मिळतात, पण आपण बघतोय त्याच मॉडेलचं तोंडाचं रबर, पिस्टनची रिंग आणि चेक व्हॉल्व्ह हे तीन मिळतात का ते नाव घालून शोधा. वरचं झाकण आटे असलेलं आहे की दाबून कायमचं बंद केलंय हेही हातात घेऊन बघा, बंद असेल तर कितीही देखणा असला तरी मी तो घेणार नाही. आणि पंप घेतानाच तोंडाचं एक जास्तीचं रबर घेऊन ठेवा, सगळ्यात आधी तेच जातं.