तुम्ही विचारलंत म्हणून: क्षमा करणाऱ्या देवाचं भय कशाला?

‘देव प्रेमळ आहे म्हणतेस, मग त्याला भितेस कशाला?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते. या प्रश्नामागोमाग बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचनही येतं: पूर्ण प्रीती भीती घालवून देते. ते मलाही पाठ आहे. पण त्याच्या आदल्याच वचनात न्यायाचा दिवस आहे. योहान त्या दिवशी धैर्यानं उभं राहण्याबद्दल बोलतो, तो दिवसच येणार नाही असं म्हणत नाही.

आज हे तावातावानं सांगतेय खरी, पण पूर्वी मीही तुमच्याच बाजूची होते. चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवताना मत्तयाचा पंचविसावा अध्याय आला, न्यायाच्या दिवशी मेंढरं आणि शेरडं, म्हणजे नीतिमान आणि दोषी, वेगळी करण्याचा प्रसंग आला, की मी पान उलटायचे. मुलं घाबरतील, असं सांगायचे. घाबरत होते मी.

बाबांच्या शेवटच्या रात्री मी उशाशी बसून तेविसावं स्तोत्र वाचत होते. मध्येच ते म्हणाले, ‘ते नको. एकशे तीस वाच.’ मी वाचू लागले. तू अपराध मोजत बसलास तर तुझ्यापुढे कोण टिकेल, हे तिसरं वचन. पण तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून लोक तुझं भय धरतात, हे चौथं. तिथं त्यांनी हात वर केला. ‘म्हणून,’ ते म्हणाले. तेवढा एकच शब्द. मग माझ्याकडे बघत, ‘तुझ्या आत्याचं मी...’

मी पुढं बोलूच दिलं नाही. ‘बाबा, तुम्ही कुणाचं वाईट केलं नाहीत, देवाला सगळं माहीत आहे,’ म्हणत पाण्याचा चमचा त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी पाणी घेतलं नाही. ते हनुवटीवरून ओघळून उशीत जिरलं. त्यांनी मान भिंतीकडं वळवली. पहाट व्हायच्या आत ते गेले. आत्या त्याआधीच गेलेली, म्हणजे विचारायलाही कुणी उरलं नव्हतं.

मला कळवळा आला होता, हे खरंच. त्यांना त्रास होऊ नये असंच वाटलं होतं. पण बापाचं काही वाईट ऐकायची माझी तयारी नव्हती, हेही तितकंच खरं. दयेच्या नावाखाली मी एका माणसाला देवासमोर बोलण्यापासून अडवलं.

त्या ‘म्हणून’शी मी अजून झगडते. क्षमा आहे म्हटल्यावर भय संपायला हवं होतं, स्तोत्र तर तिथूनच भय सुरू करतं. मला वाटतं, जो फक्त शिक्षाच देणार त्याच्यापासून माणूस लपतो, खोटं बोलतो. क्षमा करणाऱ्यापुढे मात्र सगळं उघडं करावं लागतं, आणि त्याचीच धडकी भरते. लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार, लोकांच्या लेखी पापी असलेला कर वसूल करणारा, दूर उभा राहतो, नजर वर करत नाही, ऊर बडवतो, पण देवळात येतोच. बाबाही आले होते. दारात मी उभी होते.

तेव्हाची मी म्हणते, ‘हे भय कसलं, हा तर तुझा अपराधीपणा. त्याला देवाचं नाव देऊ नकोस.’ असेलही. काही रात्री मला दोन्हींतला फरक सांगता येत नाही. त्या चमच्याचा जाब मला द्यावा लागेल, याबद्दल मात्र शंका नाही. आणि मी अडवलेलं ते वाक्य देवानं पुरतं ऐकलं असेल, ही आशा मला सोडवत नाही. तुम्ही म्हणाल, एक काहीतरी धर. मला जमत नाही.

त्या रात्री मी चौथ्या वचनाशी थांबले होते. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून जास्त आतुरतेनं माझा जीव प्रभूची वाट पाहतो, हे सहावं. तिथं पहारेकऱ्यांचे शब्द दोनदा येतात. मी ते आता मोठ्यानं वाचते, दोन्ही वेळा.