१० जुलैची दोन पत्रं

मी भाषांतराची कामं करते, बहुतेक वेळा मॅन्युअल्स नाहीतर कंपन्यांचे रिपोर्ट, पण मागे एकदा ॲबिगेल आणि जॉन ॲडम्स या नवराबायकोची निवडक पत्रं मराठीत आणायचं काम आलं. जॉन पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला, पण ही पत्रं त्याच्या खूप आधीची, तो फिलाडेल्फियाला काँग्रेसमध्ये आणि ती मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्रीला शेत आणि चार मुलं सांभाळत एकटी.

पहिल्याच पत्राला अडले, तू की तुम्ही? इंग्रजीत दोघंही एकमेकांना माय डिअरेस्ट फ्रेंड म्हणतात, दोन्हीकडून अगदी तेच शब्द. मी त्या काळची बायको म्हणून तिच्या तोंडी तुम्ही घातलं आणि त्याच्या तोंडी तू, आणि पुढे गेले. तिची पत्रं एका फोल्डरमध्ये, त्याची दुसऱ्यात, आधी तिची सगळी संपवायची असं ठरवलं होतं.

त्या दिवशी १७७७ चा जुलै काढला. ती गरोदर, दिवस भरत आलेले. ९ तारखेच्या पत्रात लिहिते की काल रात्री अंगात एकदम हुडहुडी भरली, पोटातला जीव गेला असावा अशी भीती वाटतेय. १० तारखेला परत लिहायला बसली, डॉक्टर धीर देतायत पण माझं मन मानत नाही, आणि मग मध्येच, जे टाळता येत नाही ते सोसायला आत्ता लेखणी खाली ठेवते. पुढे एक आडवी रेघ. आणि रेघेनंतर, सोसून झालं, परत लेखणी घेतली, तुझ्या पत्रांबद्दल आभार. मग खाली महागाईच्या बातम्या!! कळ येऊन गेली ती त्या एका रेघेत, मी दोन बाळंतपणं केलीयत, मला ती रेघ वाचताना श्वास धरावा लागला.

सहज म्हणून त्याचा फोल्डर उघडला, त्या दिवशी हा काय करत होता बघावं. तारीख तीच, १० जुलै. तो लिहितोय की माझा जीव लागून राहिलाय, तू त्रासात असताना मी जवळ नाही असं तीनदा झालं, घरात हगवण आली तेव्हा, तुम्हाला सगळ्यांना देवी आल्या तेव्हा आणि आता. तुझं थोडं दुःख मला घेता आलं असतं तर. आणि हे पत्र पोचेपर्यंत तुझ्या कुशीत मुलगी असेल, तुझ्यासारखीच.

मुलगीच झाली, ११ तारखेला, पण मृत. त्याच दिवशी थोरल्या मुलाला, जॉन क्विन्सीला, दहा वर्षं पूर्ण झाली. १६ तारखेला तिने स्वतः कळवलं, बाळ छान होतं, डोळे नुसते झोपेसाठी मिटल्यासारखे. त्याचं उत्तर २८ चं. जे मूल कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाही त्याच्यावर एवढी माया कशी जडते, असं तो तिलाच विचारतो.

संध्याकाळी संपादकबाईंना फोन केला, म्हटलं तिचं तुम्ही काढायचंय. त्या म्हणाल्या सगळीकडे? म्हटलं हो, सगळीकडे. मराठीत एक सर्वनाम बदललं की सगळी क्रियापदं फिरतात, फाइंड-रिप्लेसने होत नाही, त्यामुळे पहिल्या पत्रापासून परत एकेक वाक्य घेतलं. १० जुलैच्या पत्रातली रेघ तेवढी होती तशी ठेवली.