‘आमच्या घरात कुणालाच नाही’

"आमच्या घरात कुणालाच नाही, मग मला कशाला होईल?" मॅमोग्राफीसाठी, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सर लवकर ओळखायच्या एक्स-रे तपासणीसाठी, नंबर लावून बसलो होतो, शेजारच्या ताईंनी फॉर्मवरच्या फॅमिली हिस्ट्रीच्या रकान्यात ‘नाही’वर टिक केली आणि एकदम निर्धास्त झाल्या, पुढचे रकाने तर नुसते भराभर भरून टाकले.

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

कारण ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच झालेला नसतो. आईवडिलांकडून आलेल्या जनुकीय दोषामुळे होणाऱ्या केसेस साधारण ५ ते १० टक्केच. सगळ्यात मोठी रिस्क म्हणजे बाई असणं आणि वय वाढणं, बस्स. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने तर २०२४ मध्ये दर दोन वर्षांनी मॅमोग्राम सुरू करायचं वय ५० वरून ४० वर आणलं.

आणि त्यांनी घाईत भरलेले ते रकाने? पाळी कधी सुरू झाली, कधी गेली, पहिलं मूल कितव्या वर्षी, आधी कधी बायोप्सी (स्तनातला छोटा तुकडा काढून तपासणी) झालीय का. डॉक्टर यावरूनही ठरवतात की कुणाला नेहमीचं स्क्रीनिंग (त्रास नसतानाही करायची तपासणी) पुरे आणि कुणाला लवकर किंवा एमआरआयसकट करायचं.

अजून एक, ब्रेस्ट डेन्सिटी, म्हणजे स्तनात चरबीच्या मानाने दाट टिश्यू किती आहे ते. दाट टिश्यू मॅमोग्राममध्ये पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपू शकते. शिवाय डेन्सिटीमुळे रिस्कही वाढते, हे कितीजणींना कुणी नीट बसवून सांगितलंय?

तुमच्या रिपोर्टमध्ये डेन्सिटीची ओळ आहे का, बघितलीत कधी?