टस्कनीची डोंगरगावं आणि ब्रुनेल्लोची बाग: माझा अनुभव

दादांची मुलगी मिलानला शिकायला आहे. द्राक्षाची खरड छाटणी (एप्रिलची छाटणी) उरकली, सबकेनचं, म्हणजे शेंडा खुडून उपकाड्या फोडायचं काम भावकीतल्या पोरांवर सोपवलं आणि मे महिन्याच्या शेवटी मी, दादा आणि वहिनी तिच्याकडे गेलो. निफाडला आमची थॉमसन द्राक्षाची बाग आहे, त्यामुळे इटलीत एक तरी द्राक्षबाग पायाखाली घालायची हे घरूनच ठरलं होतं.

टस्कनी प्रांतातल्या फ्लॉरेन्सहून अशा एक दिवसाच्या बसट्रिपा ढिगाने निघतात. बऱ्याचशा ट्रिपा सिएना, सान जिमिन्यानो, कियांतीतली वाइनरी आणि वर पिसाचा मनोरा, असं सगळं एकाच दिवसात उरकतात. त्यात बागेत उभं राहायला मिळत नाही. पुतणीने प्रत्येक ट्रिपचं वेळापत्रक उघडून वाइनरीत किती वेळ थांबतात एवढंच पाहिलं आणि दक्षिणेकडची ट्रिप निवडली: मोंताल्चिनो (ब्रुनेल्लो ही लाल वाइन इथलीच), पिएन्झा, मोंतेपुल्चानो. बुकिंग करताना कुणीही हेच आधी बघावं असं माझं मत आहे. गावांची यादी नंतर.

दुसरी गोष्ट जेवणाची. वहिनी माळकरी आहेत. फॉर्ममध्ये नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही, कारण तिथल्या पेकोरिनो चीजचं दूध बहुधा कोकराच्या पोटातल्या रेनेटने फाडलेलं असतं. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, रेनेटचं चीज नाही, वाइन नाही, असं सविस्तर लिहून पाठवलं. त्यांनी ते नीट पाळलं. वहिनींच्या पानात लसूण-टोमॅटोच्या रश्शातली पिची आली. पिची म्हणजे कणीक-पाण्याच्या, हाताने वळलेल्या जाड शेवया. सोबत ऑलिव्हचं तेल आणि तिथला बिनमिठाचा पाव. पाव त्यांना अळणी लागला, पिची मात्र दोनदा घेतली.

बस फ्लॉरेन्सच्या रेल्वे स्टेशनजवळून सकाळी सुटते आणि कुणासाठी थांबत नाही. दोनेक तासांत मोंताल्चिनो. तिथला १३६१ चा किल्ला बाहेरूनच पाहिला आणि वाइनरीवर गेलो.

बाकीची मंडळी सावलीत गेली आणि दादा सरळ ओळीत शिरले. पान उलटं करून डावणी (पानावरचा बुरशीरोग) शोधायला लागले! वाटाड्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी बागेतल्या माणसालाच बोलावून घेतलं, आणि पुतणी मध्ये उभी राहून मराठीत सांगत गेली. आपल्याकडचा मांडव किंवा वाय आकाराचा आधार नाही, वेली कमरेएवढ्या, तारेवर. वाण एकच, सांजोव्हेझे. फुलोरा नुकताच सुरू झाला होता. आपण वर्षातून दोन छाटण्या करून एक पीक घेतो हे ऐकून तो माणूस चकित झाला, कारण तिथे वेल थंडीत झोपते आणि हिवाळ्यात एकच छाटणी होते.

मग माल किती धरता, असं दादांनी विचारलं. ब्रुनेल्लोला कायद्याने हेक्टरी ८ टनांच्या वर माल धरता येत नाही. मी लगेच हिशेब केला, एकरी सव्वातीन टन. आपल्याकडे एकरी दहा टन निघाले तरी बाग बरी गेली म्हणतात. जास्तीचे कच्चे घड ते उन्हाळ्यात कापून जमिनीवर टाकतात, म्हणजे राहिलेल्या घडांत साखर आणि रंग भरतो. आपणही विरळणी करतो, पण मण्याच्या फुगवणीसाठी आणि एक्स्पोर्टच्या मापासाठी. तिथे सगळा हिशेब चवीचा.

तळघरात ओकचे मोठाले पिंप होते, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारे. ब्रुनेल्लो किमान दोन वर्षं लाकडात ठेवतात आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षी १ जानेवारीलाच ती बाजारात येऊ शकते. २०२४ चा माल २०२९ ला! दादांचा पुढचा प्रश्न कुठल्याही बागायतदाराने विचारला असता: तोवर घर कसं चालवायचं? उत्तर होतं रोस्सो दी मोंताल्चिनो. तीच द्राक्षं, पण वाइन पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपासून विकता येते. तिच्यावर खर्च भागतो आणि ब्रुनेल्लो थांबू शकते. मला ही व्यवस्था फार आवडली. १८८८ च्या हंगामाची ब्रुनेल्लो फेरुच्चो बियोंदी सांतींनी काढली, तिथून हे नाव मोठं होत गेलं, आणि १९८० ला सरकारचा सर्वांत वरचा दर्जा मिळाला. नावाची किंमत इतकी वर्षं शिस्त पाळून आली आहे.

चव घेताना पेला पांढऱ्या कागदावर धरून रंग बघायचा, फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट. गिळायचा नसेल तर थुंकायला भांडं असतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

पिएन्झाला तासभर मिळाला. पोप पायस दुसरे यांनी आपलं हे जन्मगाव १४५९ पासून नव्याने बांधून घेतलं. चर्चच्या मागच्या कठड्यावरून आमियाता डोंगरापर्यंत सगळं खोरं दिसतं, हिरव्या गव्हात लाल पॉपीची फुलं. वहिनी तिथेच बसून राहिल्या.

मोंतेपुल्चानोला बस खालीच थांबते. वरच्या चौकापर्यंत दगडी चढण आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी याच चढणीवरून आठ मोहल्ल्यांचे गडी ८० किलोंचे रिकामे पिंप ढकलत पळतात.

परतीच्या बसमध्ये दादांनी ठरवून टाकलं: येत्या ऑक्टोबर छाटणीनंतर विहिरीकडच्या दोन ओळींवर निम्मेच घड ठेवायचे आणि मार्चात त्यांची साखर वेगळी मोजायची. व्यापारी भाव वाढवून देणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. त्या ओळी मी वहीत लिहून घेतल्या आहेत.