बोंबलणारी गाडी आणि कळकलेली पिन

मागे काहीच नसताना गाडी बीप-बीप करते, ही तक्रार आमच्या देवगड पट्ट्यात पाऊस ओसरायला लागला की हमखास ऐकू येते. त्यावरचे उपायही ठरलेले. कोणी मागच्या बंपरमधल्या रिव्हर्स सेन्सरवर चिकटपट्टी लावतं (त्याने दुखणं वाढतंच), कोणी बझरची वायर उपटून टाकतं, कोणी सरळ चारही सेन्सर बदलून मोकळं होतं. आमच्या हॅचबॅकसाठी एका गॅरेजात मलाही हेच सांगितलं गेलं. "मॅडम, अख्खा सेटच टाका, एकेक बदलत बसू नका." कुठला सेन्सर गेलाय, असं विचारलं तर त्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बिघाड कुठे आहे ते न शोधता नवं उपकरण मागितलं तर आमच्याकडे कागदावर सही होत नाही. तीच खोड घरी लागलेली. गाडी तशीच परत आणली.

सगळ्यात आधी बीप कसली आहे ते नीट ऐकायचं. तुटक बीप असेल, गाडी थोडी पुढे-मागे केल्यावर ती कमी-जास्त होत असेल, तर यंत्रणा चालू आहे आणि तिला खरंच काहीतरी लागतंय. चिखल असेल, गवत असेल, पाण्याचा थर असेल. पण रिव्हर्स टाकल्याबरोबर एकच लांब सूर येऊन मग सगळं गप्प होत असेल, तर तिला कळलेलं आहे की आपल्यातलाच कोणीतरी कामातून गेलाय. बऱ्याच गाड्यांत एक सेन्सर गेला तरी सगळे बंद ठेवतात, कारण अर्धवट भरवसा जास्त धोक्याचा. कुठल्या सुराचा काय अर्थ, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं. ते पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या जुन्या कागदांखाली सापडतं. आमच्या गाडीचा सूर दुसऱ्या जातीचा होता.

आमच्या शेजारचे आबा गडग्यापलीकडून (दगडी कुंपणापलीकडून) रोज ऐकत होतेच. "गाडी कित्या बोंबलता गो?" म्हटलं, तेच बघतेय.

बंपरमधली ती नाण्याएवढी चकती म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा. मागे चिकटवलेला, वीज दिली की थरथरणारा पिझो स्फटिक तिला सेकंदाला साधारण चाळीस हजार वेळा किंवा त्याहून जास्त थरथरवतो. माणसाला वीस हजारांच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून हा आवाज आपल्याला कळत नाही. एक छोटा ठोका सोडायचा, गप्प बसायचं आणि प्रतिध्वनी कधी येतो ते मोजायचं, एवढंच काम. आपल्याकडच्या तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो. म्हणजे एक मीटरवरच्या गडग्याला आपटून परत यायला सहा मिलिसेकंदांहूनही कमी वेळ. बोलणारा आणि ऐकणारा पडदा एकच असल्याने, ठोका दिल्यावर त्याची स्वतःची थरथर थांबेपर्यंत त्याला ऐकू येत नाही. म्हणून अगदी वीतभर अंतरावर आलेली वस्तू त्याला नीट कळत नाही.

चिखलाचं गौडबंगाल यातच आहे. पडद्यावर लाल मातीचा थर बसला की त्याची थरथर बदलते, आणि ती उरलेली थरथर यंत्रणेला प्रतिध्वनी वाटू शकते. पाण्याचा थेंब तेच करतो. बंपर ठोकून-रंगवून आणताना पेंटरने चकतीवर पुट्टी आणि तीन हात रंग चढवला असेल तर पडदा हलतच नाही. कारखान्यातून आलेल्या सेन्सरवरही रंग असतो, पण तो पातळ असतो. सेन्सर काढून परत बसवताना उलटा बसवला, तर काही जातींमध्ये त्याला रस्ताच दिसत राहतो. पाठीमागे वर कुठली बाजू याची खूण असते, ती बघावी. आंब्याच्या दिवसांत तर वेगळीच तऱ्हा. डिकीत आणि मागच्या सीटवर पेट्या रचल्या की गाडीचा मागचा भाग बसतो, सेन्सर जमिनीकडे झुकतात आणि खळ्यातून रस्त्यावर चढणाऱ्या उतारालाच अडथळा म्हणायला लागतात. पेट्या उतरवल्या की गाडी बरी. याला बिघाड म्हणून गॅरेजात नेणारे लोक मी पाहिलेत. एसटी स्टँडसमोर गाडी मागे घेताना मध्येच आलेली बीपही अशीच. एअर ब्रेकचा फुस्कारा सोडणाऱ्या बसच्या आवाजात आपल्याला न ऐकू येणाऱ्या लहरीही असतात, त्यांनी सेन्सर फसतो.

म्हणून पहिला उपाय फुकटाचा. साबणाचं पाणी, मऊ फडकं, आणि चकतीच्या कडेने जी बारीक फट असते तिथे जुना टूथब्रश हलक्या हाताने. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप सेन्सरच्या तोंडाशी धरू देऊ नये. धुऊन, वाळवून परत बघितलं. सूर तोच.

आता कुठला गेलाय ते शोधायचं. गाडी सपाट जागेवर, मागे दोन मीटर मोकळं, हँडब्रेक ओढलेला, चाकाला चिऱ्याचा तुकडा. इंजिन बंद, फक्त चावी चालू, गिअर रिव्हर्सला. (ऑटोमॅटिक गाडी असेल तर आत कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसलेलं हवं.) मग मागे जाऊन प्रत्येक चकतीवर बोटाचं टोक अलगद टेकवायचं. चालू सेन्सर बोटाला बारीक टिक-टिक देतो. तो मूळ आवाज ऐकू येत नसला तरी ठोके एकामागून एक सुटतात, त्यांची लय जाणवते. माझ्या बोटांना तीन कळले आणि चौथ्याबद्दल खात्री होईना. भाच्याने कॅलेंडरच्या जाड कागदाची नळी केली, एक टोक चकतीला, दुसरं कानाला. तरुण कान कामाला येतात. "मावशी, डावीकडचा शेवटचा मेलाय." ज्या गाड्यांत बिघाड कळताच सगळेच सेन्सर बंद होतात, तिथे ही युक्ती रिव्हर्स टाकल्यानंतरच्या पहिल्या क्षणातच चालते, किंवा चालतच नाही. आमच्या गाडीत चालली.

सेन्सर मेलाय की त्याच्यापर्यंत काही पोचत नाही, हा पुढचा प्रश्न. बहुतेक लोक नवा सेन्सर इथे विकत घेतात. त्याआधी अदलाबदल करून बघायला काहीच खर्च नाही. काही गाड्यांत बंपरच्या खालून हात घालून सेन्सरच्या दोन्ही बाजूंचे लॉक दाबता येतात. आमच्यात तसं नव्हतं. मागच्या दोन्ही चाकांच्या कमानीतले स्क्रू, खालच्या क्लिपा आणि डिकीच्या ओठाखालचे दोन स्क्रू काढून बंपर थोडा मोकळा करावा लागला. उन्हाने कडक झालेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मोडतात, ते गृहीत धरून चार आधीच आणून ठेवाव्यात. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटण्यापेक्षा प्लॅस्टिकची पट्टी वापरली की रंग जात नाही. आणि बंपर एकट्याने ओढायचा नाही. दुसऱ्या बाजूला कोणीतरी धरायला हवं, नाहीतर आतली वायर ताणते.

बंपरच्या आत जे होतं ते कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको. लाल माती, सुकलेली पानं, कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं घर, आणि मुंग्यांनी आपलं म्हणून वापरलेला एक कोपरा. कुंभारमाशीचं घर रिकामं होतं, तेवढं बरं झालं.

डावा शेवटचा सेन्सर काढून त्याच्या शेजारच्या जागी लावला, शेजारचा डावीकडे. चावी चालू करून परत नळी. डावा टोकाचा अजून मुका, आणि तिथून काढलेला सेन्सर नव्या जागी टिकटिकतोय. म्हणजे सेन्सर ठणठणीत. दोष वायरमध्ये.

अशा सेन्सरला तीन वायरी असतात. एक वीज आणते, एक अर्थ (अर्थिंगची), एक निरोप नेते-आणते. वीज आणि अर्थ चौघांना सामायिक, निरोपाची वायर प्रत्येकाची वेगळी. मल्टीमीटर लावला तर सेन्सरच्या कपलरवर (वायरी एकमेकींत अडकवायच्या प्लॅस्टिकच्या जोडावर) वीज इतरांइतकीच येत होती, अर्थही पक्का. उरली निरोपाची. चावी बंद केली, बॅटरीची काळी वायर सोडवली, डिकीच्या डाव्या पत्र्यामागे असलेल्या कंट्रोल युनिटचा कपलर काढला, आणि मीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग असेल तर वाजतो त्या खुणेवर) ठेवून दोन्ही टोकं तपासली. तिघांच्या वायरीवर मीटर पिंग वाजला, चौथ्यावर नाही. वायर कुठे तुटलेली दिसत नव्हती, उंदराचे दातही नव्हते. मध्ये एकच जागा उरली, बंपरची वायरिंग गाडीच्या वायरिंगला जिथे मिळते तो मोठा कपलर. तो नेमका डाव्या चाकाच्या मागे, चिखल उडण्याच्या वाटेवर. उघडला तर एका पिनेवर हिरवी पूड. तांबं कळकलं होतं. रबरी सील एका कडेला दुमडलेलं होतं, तिथून पाणी गेलं.

पावसाळाभर धो-धो पाऊस, बाकीचे महिने खारं वारं. कुणकेश्वरला समुद्रासमोर तासभर गाडी उभी केली तरी काचेवर मिठाचा थर येतो, तोच सगळ्या फटींतून आत जातो. नुसत्या पाण्यापेक्षा मिठाचं पाणी वीज जास्त सहज वाहून नेतं, आणि पिनेवर कायम थोडा विद्युतदाब असला की धातू भराभर खाल्ला जातो. घाटावरच्या गाडीत जे दहा वर्षांत होईल ते इथे त्याच्या निम्म्यात होतं, असं माझं आपलं निरीक्षण आहे.

आबा तोवर गडगा चढून आलेच होते. हिरवी पूड बघून म्हणाले, "आमसूल लाय गो त्येका, लख्ख जातला." देवघरातल्या तांब्याच्या भांड्याला आम्ही तेच करतो, आणि लख्ख होतं यात शंका नाही. पण भांडं नंतर धारेखाली धुता येतं. कपलरच्या आत राहिलेला आंबटपणा धुऊन निघत नाही, तो पिन खातच राहतो. व्हिनेगर किंवा लिंबू लावा म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. कणकवलीहून काँटॅक्ट क्लीनरचा डबा आणला. तो पूर्ण उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. गंजावर मारतात तो तेलकट स्प्रे वेगळा. दोन्ही डबे दुकानात शेजारी असतात, नाव वाचून घ्यावं.

क्लीनर मारून टूथब्रशने घासल्यावर मीटर वाजला, पण वायर हलवली की थांबायचा. पिन आतून बारीक झाली होती. अशा ठिकाणी घासून भागवलं तर पुढच्या आषाढात हेच काम परत. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून त्याच मापाची नवी पिन घेतली, जुनी कपलरमधून सोडवून वायर हिरवट भागाच्या मागून कापली आणि नवी पिन क्रिंप केली (पकडीने वायरीवर दाबून बसवली). वायरच्या आतही हिरवं चढलेलं असतं, तांबं लालसर चमकेपर्यंत मागे जावं लागतं. वायर आखूड पडली म्हणून तुकडा जोडला, जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवली की आवळून बसणारी) नळी. नुसती काळी टेप लावू नये. आपल्या हवेत ती चिकट लगदा होऊन पाणी धरून ठेवते. सील सरळ केलं, कपलरच्या तोंडाशी सिलिकॉनचं ग्रीस, आणि बांधताना वायरला कपलरच्या खाली झोल दिला. वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी येऊन ठिबकतं, कपलरमध्ये शिरत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कपलर उघडून बघण्याच्या पलीकडे जाऊ नका. वायर कापली की पुढे वाद घालायला जागा राहत नाही.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत बाहेरून बसवलेले किट असतात, त्यांची तऱ्हा आणखी सोपी. हे किट बहुधा रिव्हर्स लाइटच्या वायरीवरून वीज घेतं. माझ्या चुलत दिरांच्या गाडीचे चारही सेन्सर एकदम गप्प झाले तेव्हा मी फक्त विचारलं, रिव्हर्सचा पांढरा दिवा लागतो का? लागत नव्हता. किट बसवणाऱ्याने दिव्याची वायर सोलून त्यावर पिळा मारून टेप गुंडाळली होती, ती जागाच कुजली होती. सगळे एकदम गेले तर आधी दिवा, मग फ्यूज, मग तो पिळा. एकच गेला तर अदलाबदल.

दुरुस्तीनंतर आमच्या यजमानांना वाटलं, आता डोळे मिटून गाडी मागे घ्यावी. तसं नाही. हे सेन्सर बारीक खांब, तार आणि बंपरपेक्षा बुटका धोंडा चुकवतात. मऊ वस्तू आवाज गिळते, म्हणून बंदरावर जाळ्यांच्या ढिगाकडे ते उशिरा बघतात. आणि समोर वस्तूच नसेल तर प्रतिध्वनी कुठून येणार? आमच्या रस्त्याकडेची व्हाळी पावसाळ्यात गवताने झाकलेली असते, तिच्यात चाक जाईपर्यंत गाडी एक अक्षर बोलत नाही. तिथे कोणीतरी खाली उतरून "येऊ दे, येऊ दे, बस्स" म्हणायलाच लागतं.